जगलेल्या पोरींचे कपडे

११ जानेवारी १९७३, गुरुवार
माहेरी आल्यापासून आईशी पुन्हा वाजलं. बाळाला मी आणलेली नवी झबली घालू देईना. बारशापर्यंत नवं अंगाला लावायचं नाही म्हणे. बरं, नका लावू. पण माझे नि धाकट्या नलूचे लहानपणचे कपडे ट्रंकेतून काढले, ते डांबरगोळ्यांच्या वासासकट. "धू तरी." "धुतले की मऊपणा जातो. उन्हात टाकलेत. जगल्या-वाचल्या पोरींचे कपडे आहेत हे, तुझ्या सासरसारखे कुणाचेही नाहीत."
पहिल्या बाळाचा विषय कशाला काढायचा? आई टायफॉइडनं पडलेली, म्हणून ते बाळंतपण सासरी धुळ्याला झालं. पाच दिवसांत काविळीनं गेला. तेव्हापासून सासूबाईंचं चालूच, हिच्याच अंगात उष्णता फार. आता आईचंही ऐका.

१२ शुक्र.
बाळ पिवळं दिसतंय. आई : सगळीच होतात, कोवळ्या उन्हात धर. शेजारच्या गुजराती शांताबेननी काविळीची माळ आणून दिली. माळ लांबली की कावीळ उतरली. दिवसभर दोघी माळच बघतायत, पोराकडे कुणी बघेना.

१४ रवि. उतराण, म्हणजे आपली संक्रांत
दूध ओढेना. लंगोटावर चहासारखा डाग. आई म्हणते, ओली बाळंतीण कुठे निघालीस, सणाचं कोण भेटणार. निघालेच. रिक्षावाला मांजा चुकवत चुकवत, मी देवाला शिव्या देत.
हॉस्पिटलात पारशी डॉक्टरीणबाई ड्यूटीवर. बाळाला घेतलं नि आधी टोपडंच हुंगलं. "आ वास शेनी आवे छे?" डांबराच्या गोळ्या, म्हटलं. तिथेच सगळे कपडे उतरवले त्यांनी. आई मागून : "धोईने पहेराव्या छे, बेन." धडधडीत खोटं, धुतले कुठे होते!

१५ सोम.
काल संध्याकाळी रक्त बदललं. थोडं काढायचं, तेवढंच दुसऱ्याचं घालायचं. हे धुळ्याहून पोचले. आज बाळानं डोळे उघडले. मी तिथेच रडले, नर्स रागावली.

१७ बुध.
डॉ.बाईंनी समजावलं. रक्तातल्या तांबड्या पेशी जपणारा एक पदार्थ याच्यात जन्मतःच कमी. फार थोड्या घरांत असतं. "अमारा पारसीओमां पण छे." एरवी मूल धडधाकट, पण डांबरगोळीचा वास, हिवतापाची एखादी गोळी, की पेशी फुटल्याच. आईकडून मुलाला येतं, आईला स्वतःला बहुधा काही होत नाही. रक्त तपासणीला मुंबईला पाठवलंय, पण त्यांना खात्री आहे.
ह्यांनी एवढंच ऐकलं : आईकडून. "म्हणजे आमच्याकडचं नाही." डोकं फिरलं माझं.
मग डॉ.बाईंनी विचारलं, पहिल्याला कपडे कुठले होते? म्हटलं, सासूबाईंच्या पेटीतले. तोच वास.

१९ शुक्र.
बाळ घरी. दूध पितो, रंग निवळला. उद्या बारसं, घरातल्या घरात. सासूबाई येणार. ह्यांची सकाळपासून भुणभुण : "कपड्यांचं आईला सांगू नकोस. तिनं पहिल्याला स्वतःच्या हातानं सजवलं होतं. मरेल ती." आणि मी दोन वर्षं रोज मरत होते ते? शिवाय महिन्याभरात याला घेऊन त्याच घरात जायचंय, कपाटाकपाटात गोळ्या. तर हे : "वास सोसत नाही म्हण." वा. मीच पुन्हा नाजूक.
ठरवलंय, आल्या आल्या सांगायचं, एकही शब्द गाळायचा नाही. मनात पाठ करून ठेवलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आल्या. चपला काढून तशाच बाळापाशी बसल्या. कितीतरी वेळ त्याच्या पायावरून हात फिरवत होत्या. मग मला म्हणाल्या, "तोही असाच होता गं. काय चुकलं असेल आपलं तेव्हा?" हिचं नाही, आपलं. हे माझ्याकडे बघत राहिले.
मी म्हटलं, याला पाजून येते.
पिऊन झोपलाय केव्हाचा. बाहेर कपबशा वाजतायत. त्या वाट बघत असतील. इथे बसून लिहितेय मी, उठवतच नाहीये.