पेशंटला आईचा आवाज

३ फेब्रु., मंगळ. बारामती
कॉलेजच्या लॅबमधली व्हीआर पेशंटबाई, हेडसेट घातला की समोर दिसणारी, हिंदी बोलते, तेही शहरी. आमच्या मेडिकलच्या पोरांना वॉर्डात भेटणार इकडच्या बायका. म्हणून विभागप्रमुख सरांनी मराठी आवाज भरायचं ठरवलं. मी आईचं नाव सुचवलं. आज भावानं, अमोलनं तिला पळसदेवहून आणून सोडली. प्रसंग समजावला: साठीची बाई, छातीत दुखतंय, डॉक्टर विचारतील तसं सांगायचं. सर एकेक प्रश्न विचारत गेले; लिहून दिलेलं तिनं बाजूला ठेवलं, आपल्याच शब्दांत बोलली. सर खूश. आई कधी नाटकात होत्या का, विचारत होते. येताना उसाचा रस घेतला. मजेत होती.

९ फेब्रु., सोम.
आज हेडसेट घालून केस स्वतः करून बघितली. समोर खाटेवर बाई, चेहरा भलताच, आवाज आईचा. कुठं दुखतंय, विचारलं.
"दुखत न्हाय वो. चढ चढताना हितं कुणीतरी बसल्यागत हुतं. मग जबडा आवळतो. थांबलं की जातं."
हेडसेट काढला. जबड्याचं आम्ही लिहिलंच नव्हतं. रेकॉर्डिंगला शेजारीच होते मी. पंखा बंद आहे ना, बाहेर कुणी बोलत नाही ना, एवढंच बघत.

१० फेब्रु., मंगळ.
आईला फोन. म्हणे शेजारच्या मामींचं ऐकून सांगितलं. मामी असं कधी म्हणाल्या? "म्हणाल्या आसतील." मग कांदा काढायला आलाय वगैरे.
दुपारच्या बॅचमधल्या एका मुलीनं पेशंटला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. तसं केलं की पेशंट दारातच कोसळते. मुलगी 'सॉरी आजी' म्हणाली, सगळे हसले, केस परत पहिल्यापासून. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

१५ फेब्रु., रवि. पळसदेव
आईबरोबर रानातून घरी चालत. जरासाच चढ. निम्म्यात थांबली, पदर सारखा केला, धरणाच्या पाण्याकडं बघत राहिली. नाडी बघायला गेले तर हात काढून घेतला. अमोल लोणी देवकरच्या कंपनीतून शिफ्ट करून आला, त्याला विचारलं. "ती रोजच थांबती तितं. वारं घेती." किती दिवस? आठवेना त्याला. चिडले. मग वाटलं, मीही महिन्याला येतेच की.
जेवताना सरळ विचारलं. दिवाळीपासनं हाय, म्हणाली. मला सांगितलं असतं तर मी काम सोडून पळत आले असते, म्हणून नाही सांगितलं. मग तिथं मशिनीपुढं कसं सांगितलंस?
भाकरी मोडत म्हणाली,
"तितं इचारलं की तुमी. नीट, एकेक करून."

१६ फेब्रु., सोम. इंदापूर
रजा टाकली. ईसीजी नॉर्मल. आई जिंकल्यासारखी, लगेच घरी चला. बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, हे दर वर्षी वर्गात सांगते मी. आईला पटवता येईना. शेवटी दवाखान्याच्या पायरीवरच मला रडू आलं, तेव्हा बारामतीला यायला कबूल झाली. गोळ्या सुरू. ट्रेडमिलवर चालवून ईसीजी पुढच्या सोमवारी. तोवर रानात जाऊ नको म्हटलंय. ऐकेल असं…

१८ फेब्रु., बुध.
सरांना सगळं सांगितलं, आवाज बदलू या म्हटलं. लगेच बदलतो म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, पोरं आता आपणहून जबड्याचं विचारायला लागलीत. काय करावं? आईलाच विचारलं. राहू द्या म्हणाली, शिकत्यात तर शिकू द्या. लॅबची ड्यूटी दुसऱ्या मॅडमना दिली. तरी आईचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतो. फोन वाजला की वर्ग सोडून बाहेर येऊन घेते. दोनदा अमोलचाच होता, काही नव्हतं.

२३ फेब्रु., सोम. बारामती
ट्रेडमिल. आई अमोलचे बूट घालून पट्ट्यावर. सुरुवातीला हसत होती. डॉक्टरांनी लवकरच थांबवली. मला आत बोलावून आलेख दाखवला, चालताना तो बिघडत गेलेला. आजच ॲडमिट, उद्या सकाळी अँजिओग्राफी. ब्लॉक कुठं, किती, बायपास लागेल का, तेव्हाच कळेल. उद्या तिथं मला आत येऊ नका म्हणाले. बरोबर आहे त्यांचं.
अमोल खाली चहाला गेल्यावर आईला सगळं समजावलं. मनगटातून बारीक नळी, भूल तेवढ्यापुरतीच, तू जागी असशील. शांतपणे ऐकलं. मग म्हणाली,
"मधी दुखलं तर सांगायचं, का दम धरायचा?"
सांगायचं म्हटलं. जरासं दुखलं तरी. लगेच.
"बरं," म्हणाली, नि भिंतीकडं तोंड करून पडली.
सांगेल का…