आधी घरातली हार्डडिस्क

आर्णी, मंगळवार, दिवेलागण

आज कॉम्प्युटरनं माझं ऐकलं. ऐकायलाच लावलं मी!

शाळेनं मोडीत काढलेलं हे मशीन मी घरी आणलेलं. परवा त्यातला सेल बदलला, त्यात जुन्या सेटिंग पुसल्या गेल्या; तेव्हापासून सुरू केलं की ते शाळेतल्या मुख्य कॉम्प्युटरला नेटवर्कवर शोधत बसायचं. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकत राहायची, बस. शाळा कुठे, आम्ही कुठे! आणि मशीनच्या पोटातल्या हार्डडिस्कमध्ये मी शिकवलेल्या चौथीच्या वर्गानं गायलेल्या कविता, मी लावलेल्या चालींत. दुसरीकडे कुठेच नाहीत. मशीन गेलं की त्या चालीही गेल्या. आता कविता चालीत म्हणतं तरी कोण?

लेक वैशाली म्हणाली, "बाबा, भंगारात देऊन टाका. कायले हात लावता, बिघडून जाईन."

"बिघडलेलंच हाय ना माय!"

मशीन सुरू होतानाच एफ-टूचं बटण दाबत राहिलो. सेटिंगचा निळा पडदा आला. सुरू होताना आधी कुठे शोधायचं, त्या यादीत नेटवर्क पहिलं, हार्डडिस्क पार तळाशी. काहून? आपल्या घरात आहे ते आधी बघावं, की दारोदार विचारत फिरावं? हार्डडिस्क एकेक पायरी वर चढवली, सेव्ह केलं. पुन्हा तीच लुकलुकती रेघ... मग रेघ गेली, आणि पडदा उजळला. लगेच कविता लावल्या.

अख्खा वर्ग एका सुरात. एक पोरगी तेवढी सगळ्यांच्या पुढे पळते आहे. पळू दे.

वैशाली दारात येऊन उभी. "झालं समाधान? आता तरी द्या भंगारात."

मी आवाज वाढवला.