जांभळी झालेली नळी

मंगळवार, १७ फेब्रुवारी १९७६

कुहीहून आलेल्या लाखोरी डाळीतलं प्रथिन मोजत होते. पडताळ्याच्या नळीत मात्र डाळ नव्हतीच, नुसतं पाणी आणि मी केलेलं निळं द्रावण. प्रथिन असेल तरच ते जांभळं होतं. आज ही नळीसुद्धा जांभळी!

"तुमचं द्रावण बिघडलंय, फेकून द्या," सर सगळ्यांसमोर म्हणाले.

फेकते कशाला? त्यातल्या मोरचुदाचा कण न् कण मी स्वतः तोललाय. खोक्यातून न वापरलेली नळी काढली, तेच द्रावण नि पाणी घातलं. निळंच राहिलं! मग नळ्या धुणाऱ्या पारबताबाईंना विचारलं.

"साबण संपला नं, बाई. नळ्या तेलकट दिसून राहिल्या होत्या, म्हणून घरून बेसन आणलं. सरांले सांगू नका बाप्पा."

बेसन! म्हणजे हरभऱ्याचं प्रथिन. द्रावण बिचारं खरंच सांगत होतं.

ती जांभळी नळी न धुता सरांच्या टेबलावर ठेवून आले, शेजारी निळी. उद्या विचारतीलच, एकाच द्रावणाची एक नळी निळी आणि एक जांभळी कशी. पारबताबाईंचं नाव घेणार नाही. साबणाचा अर्ज पुढे करीन. महिना झाला, त्यावर सरांची सही नाही.