कवळी कणसं

महानंदाक्का,

मी तुमच्या दिराला भेटायला तुरुंगात चाललेय. परसातल्या मक्याची बोटाएवढी कणसं मोडून, शिजवून सोबत घेतलीत. मामंजी म्हणतील, दाणा भरायच्या आत कणीस मोडलं, सुनेनं पीक नासवलं. म्हणू द्या. कणसाला केस फुटले की तुमी रोज मोडत जा, लगेच निबर होतंय.

धरपकडीत त्येंचे पुढचे दात पडलेत, भाकर चावता येत न्हाई. माफीनाम्यावर सही केली तर सोडतो म्हणायलेत. त्ये करणार न्हाईत, आन् मी बी करा म्हणणार न्हाई. दर भेटीला हीच कणसं नेईन.

आत्याबाईंना दातांचं ठाऊक न्हाई. त्येंनी इचारलं तर सांगा, तुमच्या लेकाला आता कवळंच आवडतंय.

बसम्मा