अंगठ्यावरचा करपा अन शुक्रवारचा फोन

आयुष्यमती मंदाबाईले थोरल्या बहिणीचा, म्हणजे सुमनबाईचा, जय भीम. जवाईबापूलेही सांग. इकडे सगळे खुशाल आहेत, माझा डावा गुडघा सोडून. तुझी कंबर कशी आहे? जवाईबापूचा खोकला थांबला का, का अजून बिडी लपवून पिऊन राहिले? (बिडी लपते, खोकला लपत नाही, हे त्यायले माझं नाव न घेता सांग.) म्हैस व्याली असेल तर काय झालं ते कळव.

तुले नवल वाटेल की घरात फोन असताना सुमनबाईनं पत्र काऊन लिहिलं. कारण आहे. फोन ऐकते. हसू नको. हे लिहिताना मी तो लुगड्यात गुंडाळून तांदळाच्या कोठीत टाकला आहे, वरून झाकण, झाकणावर वरवंटा. मी दुसरी शिकलेली, तू चौथी, तेव्हा अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, पण सुनेकडून वाचून घेऊ नको. तिच्या कानातलं तुझ्या नणंदेच्या कानात जायले एक चहा पुरते. रविवारचं माझ्या ध्यानात आहे. तू नणंदेच्या नातवाले, संघदीपले, अन त्याच्या मायबापाले घेऊन सकाळच्या गाडीनं माझ्या नातीले, आपल्या समीक्षाले, पाहायले येणार. त्याचंच लिहायचं आहे, पण आधी हे सगळं ऐकशील तरच ते समजेल.

समीक्षा नागपूरले ज्या कंपनीत आहे तिथं आठ-दहा पोट्टे-पोट्ट्या मिळून फोनात चालणारं एक ॲप बनवतात. नाव 'बांधीसोबती'. धानाच्या पानाचा फोटो काढला की रोग कोणता अन काय फवारायचं ते सांगते, पाऊस कधी येईल तेही सांगते. रोवण्याच्या आधी आली तेव्हा तिनं ते माझ्या फोनात टाकून दिलं अन म्हणे, आजी, जे चुकेल ते 'मदत'च्या बटनावर बोलून सांगत जा, आम्हाले तुझ्यासारख्याच माणसाची गरज आहे. (या घरात सून होऊन आली तेव्हापासून असं मले कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या हातच्या चटणीची गरज होती सगळ्यायले, माझी नाही.) मी तिथंच पाघळली.

पहिल्याच दिवशी बांधीत गेली, उभ्या धानाचं पान धरलं, फोटो काढला. ॲप बराच वेळ गोल गोल फिरलं अन म्हणते, करपा, दुसरी अवस्था, ताबडतोब फवारणी करा. माझा जीव थाऱ्यावर नाही. शेजारच्या भोजराजले हाक मारली. (तोच, ज्याच्या बापाचे बैल तुझ्या लग्नात बाजा ऐकून मांडवात घुसले होते.) तो फोटो पाहून म्हणते, "काकी, हे पान नोहे, तुमचा अंगठा आहे." पान राहिलं मागं अन अंगठाच पुढं आला होता. आता तूच सांग, साठ पावसाळे चिखलात बुडवलेला अंगठा, त्यावर चार डाग असतीलच. त्याले फवारणी करा म्हणते! मी बटन दाबून अर्धा घंटा बोलली. बाईचा अंगठा अन धानाचं पान यातला फरक ज्याले कळत नाही तो सोबती कशाचा, असंही बोलली, अन बोलता बोलता त्या बैलाचंही सांगून टाकलं.

हे ॲप दर शुक्रवारी नवीन होते. म्हणजे दिसते तसंच, पण मी आज नवीन झालो असं स्वतःच सांगते, अन खाली एक चिठ्ठी येते, काय काय बदललं त्याची. त्या शुक्रवारी चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते मले तोंडपाठ आहे. आवृत्ती २.४. आता अंगठा आणि पान यातला फरक ओळखता येतो. तुम्ही सांगितलं, आम्ही ऐकलं. मंदे, माझा अंगठा छापून आला! चार जिल्ह्यातल्या धानवाल्यायच्या फोनात, एकाच दिवशी! मी आळीत घरोघरी वाचून दाखवलं. भोजराजच्या घरी दोनदा, कारण पहिल्यांदा त्याची पोरगी मोनाली घरी नव्हती. पण दुपारी तांदूळ निवडताना डोक्यात आलं, 'ऐकलं' म्हणतात ते ठीक, पण किती ऐकलं? बटन दाबलेलं तेवढंच, का न दाबलेलंही? पावसाची वर्दी पहाटे चारले वाजायची अन मी दचकून उठायची. ते मी बटनावर बोलली नव्हती, चुलीपुढं बोलली होती, चुलीले. (समीक्षालेही बोलली असेन, आठवत नाही.) पुढच्या शुक्रवारी चिठ्ठी आली, आता पावसाची सूचना सकाळी सहानंतर. त्या दिवसापासून घरातलं काही बोलायचं असलं की फोन कोठीत जाते.

अन मग आला तो फोन. शुक्रवार, अकराचा सुमार. पलीकडून एक पोट्टा म्हणे, मी रत्नपाल, बांधीसोबतीच्या मदत विभागातून बोलतोय, आजी, तुमची अडचण सुटली का? आवाज मऊ, घाई नाही. मी म्हटलं, सुटली. तो म्हणे, थोडी माहिती भरायची राहिली आहे. अन विचारायले लागला. शेती किती, पाणी बोडीचं का विहिरीचं, घरात माणसं किती, शिकलेलं कोण, अन शेवटी, घरात निर्णय कोण घेते. मी म्हटलं, मी. पण फोन ठेवल्यावर मी तिथंच ओट्यावर बसली. मंदे, तू तीन पोरी उजवल्या, तूच सांग. तुमची अडचण सुटली का असं फुकटात विचारणारे लोक किती प्रकारचे असतात? एक मतं मागणारे, ती निवडणूक तर होऊन गेली. अन दुसरे स्थळाची चौकशी करणारे. आपल्यात सरळ कोणी विचारते का? कोणी बैल पाहायले येते, कोणी बियाण्याचं विचारायले येते, अन जाता जाता पोरगी कितवी शिकली ते विचारून जाते. समीक्षाच्या बापाच्या सोयरिकीच्या वेळी आपले बाबा कोंबडा विकत घ्यायले गेले होते, आठवते ना? कोंबडाही आणला होता.

दर शुक्रवारी अकरा वाजता तो फोन करायचा. अन दरवेळी आधी सांगायचा की हा कॉल रेकॉर्ड होऊन राहिला आहे. (तिसऱ्या शुक्रवारी 'होतोय'चं 'होऊन राहिला' झालं, तेव्हाच मी ओळखलं, हा आपल्याकडचा.) रेकॉर्ड कायले करते? घरच्यायले ऐकवायले, अजून कायले! म्हणून मी घसा साफ करून, पदर नीट घेऊन बोलायची. पदर ऐकू येत नाही, पण आवाजात फरक पडते. समीक्षा कशी हुशार, कशी मोठ्यायचा मान ठेवते, ते दोन वाक्यात घालायची. तिचं वरण बुडाले लागते ते नाही सांगितलं.

मले म्हातारीले भास होऊन राहिले असं तुले वाटेल, म्हणून भोजराजचं सांगते. त्याच्याही फोनात हेच ॲप आहे. त्यानं नऊ तक्रारी केल्या, नऊही खऱ्या, अन त्याले नऊ वेळा एकच उत्तर आलं, आपली तक्रार नोंदवली आहे, धन्यवाद. फोन एकदाही नाही. मग मलेच काऊन? माझा गुडघा पाहून?

स्थळाची माणसं घरी आली की आपण पाणी देतो अन पाहतो, गिलास कसा घेते, नजर कुठं जाते. फोनवरच्या माणसाले पाणी कसं द्यावं? म्हणून मी एक खोटी तक्रार केली. बटन दाबलं अन सांगितलं, इथं धो धो पाऊस पडून राहिला अन तुमचं ॲप म्हणते बांधीले पाणी द्या, म्हातारीले वेडी समजता का. असं काहीच झालं नव्हतं. मले पाहायचं होतं, चिडते का, उलट बोलते का. शुक्रवारी फोन आला. म्हणते, आजी, आमचं चुकलं, तुम्ही पावसात बांधीपर्यंत गेल्या तर नाही ना? मंदे, समीक्षाचे आजोबा भला माणूस, पण अडतीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यायच्या तोंडून निघाले नाहीत, बोडीच्या पाण्यात बैलबंडी घातली तेव्हाही नाही. अन हा पोट्टा न केलेली चूक पदरात घेते! माझ्या डोळ्याले पाणी आलं. पण खरी मजा पुढंच. त्या शुक्रवारच्या चिठ्ठीत आलं, आवृत्ती २.७, पाऊस सुरू असताना पाणी द्या म्हणण्याची चूक दुरुस्त केली. जी चूक नव्हती ती दुरुस्त! समीक्षाले फोनवर हळूच विचारलं तर ती पोरगी रडायले आली होती. म्हणे, आजी, सगळे दोन दिवस शोधत बसलो, चूक सापडलीच नाही, शेवटी दुरुस्त झाली असं लिहून टाकलं. मी म्हटलं, बरं केलं. एवढे शिकलेले लोकही आपल्यासारखंच करतात म्हणायचं. वैद्याले रोग कळला नाही की तोही म्हणते, आता बरं वाटेल.

शुक्रवारी नवीन झालं की ॲप विचारते, पाच पैकी किती तारे देता. मी दरवेळी तीन दिले. मुलीकडच्यायनं एकदम खुश व्हायचं नसते, भाव उतरते. समीक्षा म्हणे, तुझे तीन तारे ऑफिसच्या फळ्यावर लागतात, सगळे पाहतात, आजी पाच दे ना. मी म्हटलं, देईन, वेळ आली की. त्यावर तिनं घाईनं पावसाचं काढलं. नेहमी दहा प्रश्न विचारणारी पोरगी, कोणती वेळ, असं विचारत नाही, हे मी ध्यानात ठेवलं.

मागच्या शुक्रवारी मी सरळच विचारलं, गाव कोणतं बापू? म्हणे सौंदड. स्टेशनापासून चालत दहा मिनिटं, घरची धानाची शेती, वडील नाहीत, माय आहे. एवढं सगळं मदत विभागाचा माणूस सांगते का? पुढचं मी मुद्दामच विचारलं नाही. त्यानं सरळ हो म्हटलं असतं तर चार महिन्यांचा संशय वाया गेला असता.

बाकी सगळं ठीक. सोयाबीनची वडी पाठवली होती तिचं भांडं परत दे, घाई नाही. लहान्यायले गोड पापा. गुडघा दुखला की तुझी याद येते, तूच तेल चोळून द्यायची. इथंच थांबते.

तुझी बाई,
सुमन

ता. क. रविवारी संघदीपच्या माणसायले आणू नको. झालं, लिहून टाकलं. पोरगा वाईट नाही, वनखात्याची नोकरी आहे, मले ठाऊक आहे तू किती खटपट केली. पण समीक्षाच्या मायबापानं सगळं माझ्यावर टाकलं अन समीक्षा म्हणते, मंदा आजीले नाही कसं म्हणू. तर नाही म्हणायचं काम थोरल्या बहिणीचं. सात पानं याच एका ओळीसाठी लिहिली, रागावू नको. संघदीपसाठी भोजराजची मोनाली माझ्या नजरेत आहे. उंच आहे, अन वरणही लागू देत नाही.

ता. क. दुसरा. तू मात्र गाडीत बस, एकटी. अन मधात सौंदडले उतर. स्टेशनापासून दहा मिनिटं, कोंबडा विकत घ्यायले आली म्हणून विचार. माय कशी बोलते, आंगण झाडलेलं आहे का, ते पाहून पुढच्या गाडीनं ये.

ता. क. तिसरा. पाकिटाले लावायले भाताची शितं घेतली अन कोठीत फोन वाजायले लागला. वरवंटा काढेपर्यंत दोनदा बंद झाला. समीक्षा होती. म्हणे, आजी, या शुक्रवारी नवीन आवृत्ती येईल, त्यात उत्तर मशीनच देईल, रत्नपालचा फोन आता येणार नाही. मी म्हटलं, मोडलं! मग ती हसायले लागली. मदत विभाग कोणालेच फोन करत नाही, म्हणे. रत्नपाल त्या विभागात नाहीच, तिच्या बाजूच्या टेबलावर बसते, शुक्रवारची चिठ्ठी लिहिणारा तोच, माझा अंगठा छापणाराही तोच. कोणाले विचारायले पाठवण्याआधी आजीनं आपल्याले पारखून घ्यावं, असं त्याचंच म्हणणं. म्हणजे रेकॉर्डही काही होत नव्हतं. (उगाच पदर घेतला.) अन त्याची माय विचारते, रविवारी आली तर चालेल का. मी म्हटलं, विचार करून सांगते, अन लगेच हो म्हटलं.

तेव्हा सौंदडले उतरू नको, घराले कुलूप राहील. ती बाई सौंदडले तुझ्याच गाडीत, बायांच्या डब्यात चढेल. बाजूची जागा धरून ठेव, पिशवी ठेव त्यावर. तुले ती ओळखत नाही, मोठं काम होईल. आमचं स्टेशन येईपर्यंत सगळं विचारून घे, अन मी फलाटावर उभी राहीन, तिच्या मागं उतरून नुसती बोटं दाखव, पाच पैकी किती. चार दाखवलीस तरी मी पाचच मोजीन.