प्रिस्किलाचा ठिपका जागेवर बसला

नवापूर,
होळीच्या तोंडावर

ती. हन्नाताईस,

धाकट्या स्टीफनचा मनापासून सलाम. प्रभूच्या दयेने आम्ही सगळे आणि पोल्ट्रीतल्या कोंबड्या खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? जोसेफदाजींची ढास थांबली का?

पत्रास कारण आनंदाचं. तुझी भाची प्रिस्किला पुण्यात मेंदूवर संशोधन करते, हे तू चारचौघांत सांगतेसच. (माणसाच्या नव्हे, कोंबडीच्या पिलाच्या. हा तपशील मीही सहसा गाळतो.) अंड्यातून निघालेलं पिलू आईला ओळखतं, तेव्हा मेंदूतली नेमकी कुठली जागा जागी होते, ते तिने शोधलं. पण तिच्या सरांना ती जागाच पटेना. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात! पोर घरी आली ती तोंड पाडूनच. आता उपाय एकच होता. पिलाच्या मेंदूचा डिजिटल नकाशा असतो, त्याला अ‍ॅटलस म्हणतात. आपल्या गावनकाशात गट नंबर असतात ना, तसंच समज. दर पिलाचा मेंदू थोडा वेगळा, पण त्याच्या पातळ कापांचे फोटो सरळ करून या एकाच नकाशावर बसवले की आपण शोधलेल्या जागेचा ठिपका जगातल्या कुणाच्याही ठिपक्याशी ताडून बघता येतो.

घरी नेट रांगतं, म्हणून आम्ही चर्चच्या हॉलमध्ये बसलो. तिथे प्रोजेक्टर होता. तो मी लावला (कुणी सांगितलं नव्हतं). तेवढ्यात गाण्यांच्या सरावाला आलेली मंडळी गाणी सोडून भिंतीवरचा मेंदू बघत बसली. शेजारची छबूबाई म्हणाली, "कोंबडीले मेंदू ऱ्हास का वं?" कोंबडीलाही मेंदू असतो, याचंच तिला नवल. प्रिस्किला हसली, "ऱ्हास ना मावशी!" आणि तिने बटण दाबलं. ठिपका थेट मेंदूच्या बाहेर, काळ्या अंधारात जाऊन पडला! पोरीचे डोळे भरले. मी धीर दिला, "अगं, आपल्या कोंबड्यांचं काही सांगता येत नाही." त्याने ती जास्तच रडली.

मग डोळे पुसून तिने एकेक फोटो तपासला. चोचीकडचे काप शेवटी गेले होते, सगळा मेंदूच उलटा बसला होता. तिने क्रम पालटला. नॉर्वेत याच विषयावर काम करणाऱ्या इंग्रिडबाईंनी स्वतःची माहिती त्याच नकाशावर सर्वांसाठी खुली ठेवली आहे. त्यांच्या निळ्या ठिपक्यावर आपल्या पोरीचा लाल ठिपका अलगद जाऊन बसला. ती किंचाळली, मी नाचलो, आणि मंडळींनी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नाताळचं गाणं म्हटलं. तिने तो नकाशा सरांना पाठवला, तसा त्यांचा फोन आला, "पटलं!"

तुझा,
स्टीफन

ता. क. इंग्रिडबाईंना आता प्रिस्किलासोबत काम करायचंय, आणि काठी गावची आदिवासींची होळीही बघायचीय. तुमचं अक्कलकुवा वाटेतच, म्हणून मुक्काम तुझ्याकडे ठरवला आहे.

आणखी ता. क. त्या एकट्याच असतील असं मी धरून चाललो होतो. सोबत त्यांचे विद्यार्थी आहेत, आणि इथून गाण्याची मंडळीही निघते म्हणतेय. अडचण असेल तर संकोच न करता कळव. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा पाहुणे विमानात असतील.