ओटीतला नारळ

५ जानेवारी, रिसोड

नोकरी लागली, खोली मिळाली आणि खोलीला चक्क खिडकी आहे! संस्कृतीबाई, आणखी काय पाहिजे तुम्हाला? बियाण्याच्या कारखान्यातली प्रयोगशाळा आजपासून माझ्या ताब्यात. म्हणजे काय, तर एक लांब टेबल, एक वजनकाटा आणि जर्मिनेटर नावाचे आलमारीएवढे लोखंडी कपाट. त्याच्या आत कायम ऊब आणि ओल. सोयाबीनचे दाणे ओल्या कागदात गुंडाळून आत ठेवायचे आणि काही दिवसांनी उघडून किती उगवले ते बघायचे. शंभरात सत्तर उगवले तर माल बियाण्याला, नाहीतर तेलाच्या गिरणीला. कृषी पदवी घेऊन चार वर्षे मंगरूळपीरला भाकरी थापल्या, त्यामुळे मला हे कपाटसुद्धा देखणे वाटते आहे.

हाताखाली सपना आहे. माझ्याच वयाची, रोजंदारीवर. ती बोलतच नाही. हरकत नाही, दोघींच्या वाटचे मी बोलेन.

एक गोष्ट मात्र इथे कुणालाच सांगितलेली नाही. मला दिवस गेले आहेत, दुसरा महिना सरत आला. डिसेंबरात सोनोग्राफीला ठोके ऐकले तेव्हा माझा नवरा पवन रडला आणि वर म्हणाला, डोळ्यात धूळ गेली. मुलाखतीत आमच्या मॅनेजरनी, विकास सरांनी, हसत विचारले होते की घरात काही गोड बातमी तर नाही ना. मीही हसून म्हटले, काही नाही. सहा महिने चाचणीवर ठेवतील, मग पक्के करतील. पवनने मोबाईलवर कायदा वाचून दाखवला: ऐंशी दिवस काम भरले की बाळंतपणाची पगारी रजा मिळते आणि गरोदर म्हणून काढता येत नाही. खरे आहे, पण कायदा मोबाईलमध्ये आणि विकास सर समोरच्या खोलीत. तेव्हा एप्रिलपर्यंत तोंड बंद.

११ जानेवारी

सकाळी नळावर ओकारी झाली. बियाण्याला लावायच्या पावडरीच्या नावावर खपवली. सपनाने पाहिले. दुपारी तिने कागदात बांधलेली चिंच टेबलावर ठेवली. मी म्हटले, मला अॅसिडिटी आहे. ती म्हणाली, “अॅसिडिटीले चालते चिंच.” चिंच मी खाल्ली, उगाच खोटे कशाला लिहू!

२३ जानेवारी

आज कारखान्यातल्या बायांचे हळदीकुंकू. माल निवडणाऱ्या बायांच्या मुकादम चतुराबाई, सगळ्यांच्या मावशी. त्यांनी माझी ओटी भरली, गहू आणि नारळ घातला आणि हात माझ्या पोटाजवळ थांबवला. “काहो मॅडम, दोन जीवाच्या दिसून राह्यल्या तुमी?”

विकास सर दारातच तिळगूळ खात उभे होते. मी मोठ्याने म्हटले, “काही नाही ना मावशी, इथले चहा-बिस्किटं अंगी लागून राह्यले.” बाया हसल्या. तरी मावशींचे डोळे हटेनात. तेव्हा मी ओटीतला नारळ उचलला आणि शेजारी बसलेल्या सपनाच्या पदरात टाकला. म्हटले, तिला विचारा की, माझ्याच मागे का लागता?

हसणे एकदम थांबले. मावशी हळूच म्हणाल्या, “भरल्या ओटीतला नारळ असा देत नसतेत, बाई.” सपनाने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. सर मात्र खदखदून हसले, म्हणजे त्यांना संशय आलेला नाही. नोकरी वाचली. आता मन खाते आहे, पण एक नारळ तो काय!

२ फेब्रुवारी

मळमळ पूर्ण बंद. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आज नळावर सपना ओकत होती.

१९ फेब्रुवारी

जर्मिनेटरच्या खालच्या फळीवर, नमुन्यांच्या मागे, तो नारळ सापडला. त्याला कोंब आला आहे. पांढरा, बोटाएवढा. सोललेला नारळ महिनाभरात कोंब धरत नाही, एवढे तर मला पदवीने शिकवले आहे. सपनाला रागावले, नमुन्यांत भलते काही ठेवू नको म्हणून. तिने “असू द्या ना मॅडम” म्हटले आणि कपाटाचे दार लावून घेतले.

मागच्या आठवड्यात घट्ट होणारी सलवार आज सैल झाली. पहिलटकरणीचे पोट उशिरा दिसते म्हणतात. तसेच असेल.

१२ मार्च

सरांनी बोलावले. माझ्या कामावर खूश आहेत. सहा महिने थांबणार नाहीत, मे महिन्यातच पक्के करतील. मग सहज विचारावे तसे विचारले, घरचे काही बेत? तोंडातून आपोआप निघाले, काही नाही.

आणि पोटातून कुणीतरी उठून गेल्यासारखे झाले. दुखले नाही, फक्त रिकामे वाटले. परत आले तर सपना खिडकीशी उभी होती, पोटावर हात ठेवून हसत होती. मी तिला कधी हसताना पाहिले नव्हते.

२९ मार्च, मंगरूळपीर

सुटी म्हणून घरी आले. जेवताना पवन म्हणाला, “आता तुही नोकरी पक्की होऊन राह्यली, तं लेकराचं मनावर घेऊ का?”

मला वाटले, गंमत करतो आहे. डिसेंबरची आठवण दिली. ठोके, त्याचे रडणे, ती धूळ. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला की ताप आहे का. मला त्याचा भयंकर राग आला, आणि मग भीती वाटली.

३० मार्च

त्याच दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई बराच वेळ पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, इथे काही नाही. मूल पडले म्हणता तर तसेही नाही. कधी नव्हतेच.

रिसोडपर्यंत एसटीत पोटावर पिशवी धरून बसले.

७ एप्रिल

ऐंशी दिवसांची वाट बघत होते, ते आता भरतील. सरांना सगळे सांगायचे ठरवून गेले. काढायचे तर काढा. समोर उभी राहिले, तोंड उघडले आणि म्हणाले, “काही नाही.” पुन्हा प्रयत्न केला. काही नाही, काही नाही. सरांनी पाणी दिले.

सपनाचा पाचवा महिना सरत आला आहे. बाया तिच्यासाठी डब्यात काय काय आणतात. मला भूकच नाही.

१० एप्रिल

चतुराबाईंना गाठले. नारळाची गोष्ट त्या विसरलेल्या नाहीत. त्यांनी सांगितले, तीन वर्षांपूर्वी सपनाही पोटुशी होती. “तिनं कोनालेच सांगितलं नाही. सांगितलं असतं तं रोजी गेली असती.” सहाव्यापर्यंत ती पोती उचलत राहिली. जर्मिनेटरच्या त्या कपाटाजवळच तिचे मूल पडले. दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

उपाय एकच, म्हणाल्या. सातव्यात सपनाची ओटी भरतील. तेव्हा चारचौघींत, तोच नारळ तिच्या पदरात पडायच्या आत, लेकरू माझे आहे म्हणून मोठ्याने सांगायचे. “नाही म्हनून देल्लं तुमी. आता हो म्हनल्याबिगर येत नाही.”

१७ एप्रिल

आज सपना नव्हती तेव्हा कपाट उघडले. कोंबाला पाने फुटली आहेत. नारळावर तळवा ठेवला. गरम होता. आतून ठोके. डिसेंबरात ऐकले ते, तसेच भरभर — माझे. माझेच आहेत. मी ओळखले.

उचलणार तोच ती मागे उभी. रागावली नाही. पदराने माझे डोळे पुसले तिने. म्हणाली, “तुमी नाही म्हनलं, मॅडम. मी हो म्हनलं.”

मला तिची दयाही येते. हेच सर्वांत वाईट.

२ मे

सरांना तिचे पोट दिसले. ओटी झाली की दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. रोजंदारीला कसली रजा. ती शांत. तिला आता इथून काही नको आहे. गेली की — घेऊनच जाणार.

आरशासमोर सराव करते. मी गरो— जीभ वळत नाही. काही नाही. काही नाही. पवनचा फोन आला, काय झाले विचारतो. काही नाही.

८ मे

प्रयोगशाळेतच बसवले तिला. हिरवी साडी. बाया गोल बसल्या. सर दारात, हातात माझे पक्के झाल्याचे पत्र. सर्वांसमोर देणार म्हणे.

जाऊ दे पत्र. जाऊ दे नोकरी. दुसरी मिळेल. हे दुसरे कुठून आणू.

तोंडाने निघत नाही म्हणून वही आणली. मोठ्या अक्षरांत लिहून वर धरणार. सर मोठ्याने वाचतील, म्हणजे सगळ्यांसमोर सांगितल्यासारखेच होईल.

मावशींनी कपाटातून नारळ काढला. सपना पदर पसरते आहे. मावशी थांबल्या. माझ्याकडे बघतात. विचारले त्यांनी, “हे कोनाचं?” — मलाच विचारले, माझ्यासाठी —

लिहिते. आता.

हो

माझे आहे

हो माझे काही

हे मी नाही लिहिले — हात —

हो हो माझे आ— काही ना—